‘किती घेणार?’च्या आधी ‘जबाबदार कोण?’

पुण्याहून बंगळुरूला किंवा मुंबईहून दिल्लीला बदली झाली की घरात सामानाचा विषय निघतो आणि सामानाबद्दलचा पहिला प्रश्न असतो पैशांचा. चार ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ना फोन लावायचे, चौघांचे दर शेजारी शेजारी मांडायचे, सर्वांत स्वस्त असेल त्याला आणखी थोडे खाली आणायचे आणि टोकन देऊन मोकळे व्हायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. भाजी किंवा कापड घेताना ती चालून जाते, कारण वस्तू हातात पडल्यावरच आपण पैसे मोजतो. घरसामानाच्या वाहतुकीत व्यवहार नेमका उलटा असतो. इथे आपण काही घेत नाही. आपलाच संसार दुसऱ्याच्या ताब्यात देतो. ट्रकचे दार बंद होईपर्यंत घासाघीस करण्याची, नाही म्हणण्याची, दुसऱ्याला बोलावण्याची मुभा ग्राहकाला असते. दार बंद झाले की सगळी सूत्रे समोरच्याकडे जातात. ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागणे, सामान गोडाऊनमध्ये अडकवून ठेवणे, फुटक्या वस्तूंबद्दल हात वर करणे या नेहमीच्या तक्रारी त्यानंतरच्या आहेत. म्हणून विश्वासू कंपनी निवडणे म्हणजे चांगल्या माणसाचा शोध लावणे नव्हे. सूत्रे आपल्या हातात असतानाच जबाबदारी कोणाची, किती आणि कोणत्या कागदावर, हे ठरवून घेणे म्हणजे निवड. दराचा प्रश्न त्यानंतरचा.

जबाबदारीचा प्रश्न आधी विचारायचा, कारण या धंद्यात फोनवर बोलणारा आणि सामान नेणारा हे बहुधा एक नसतात. एखाद्या संकेतस्थळावर आपण फक्त ‘पुणे ते हैदराबाद, दोन बेडरूमचे घर’ एवढे भरतो आणि पाच-सात जणांचे फोन येऊ लागतात. आपली चौकशीच एकाच वेळी अनेकांना विकली गेलेली असते. फोन करणाऱ्यांपैकी काहींकडे स्वतःचे कार्यालय, पॅकिंगची माणसे आणि गाड्या असतात. काहींकडे फक्त मोबाईल असतो. असा दलाल काम घेतो, पॅकिंगसाठी रोजंदारीवरची पोरे पाठवतो आणि पुढची वाहतूक ट्रान्सपोर्टनगरातल्या एखाद्या गाडीमालकाला कमी भाड्यात देऊन टाकतो. पूर्ण गाडी न घेता ‘पार्ट लोड’ घेतले असेल तर आपले सामान गोडाऊनमध्ये उतरते, आणखी दोन-तीन घरांचे सामान जमेपर्यंत पडून राहते आणि कधी कधी वाटेत दुसऱ्या गाडीतही चढते. प्रत्येक चढ-उताराला तुटफूट आणि अदलाबदल होण्याची शक्यता वाढते. दलाली किंवा पार्ट लोड हे मुळात गैर नाही. सामान थोडे असेल तर पार्ट लोडच परवडते. गैर आहे ते न सांगणे. तेव्हा विचारायचे प्रश्न साधे आहेत: गाडी तुमची की भाड्याची? पूर्ण गाडी की पार्ट लोड? वाटेत गाडी बदलणार का? बिल्टी, म्हणजे मालाची पावती, कोणाच्या नावाने फाटणार? या चार प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा माणूस आणि ‘साहेब, टेन्शन घेऊ नका’ एवढेच म्हणणारा माणूस यांतला फरक फोनवरच कळतो.

नाव मोठे असले की प्रश्न सुटतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या धंद्यात नावांचीच गर्दी आहे. नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादे अक्षर किंवा एखादा शब्द बदलून काढलेल्या कंपन्या बाजारात ढिगाने आहेत. हा गोंधळ न्यायालयापर्यंतही पोहोचला आहे. ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावावर हक्क सांगणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सने गूगलविरुद्ध दाद मागितली होती: ते नाव शोधले की वर इतरांच्या जाहिराती दिसतात, अशी तिची तक्रार. ऑगस्ट 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, जाहिरातीसाठी असे शब्द विकणारा गूगल निव्वळ त्रयस्थ मध्यस्थ ठरत नाही. मात्र दुसऱ्याचे व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरले एवढ्यावरून आपोआप हक्कभंग होत नाही, ग्राहकाचा गोंधळ होतो का हे पाहावे लागेल. कायद्याची ही बारीक रेषा वकिलांसाठी असली, तरी सामान्य ग्राहकाने त्यातून एवढे नक्की घ्यावे: नाव टाकून शोधल्यावर सर्वांत वर जे दिसते ते त्याच नावाच्या कंपनीचे असेल असे नाही. चांदण्यांच्या मानांकनाचेही तसेच. चांगले अभिप्राय विकत मिळतात. शिवाय खरे असलेले बरेच अभिप्राय पॅकिंगच्या दिवशी लिहिलेले असतात, सामान पोहोचल्यावर नव्हे.

यावर एक बिनखर्चाची तपासणी आहे. कोटेशनवर जीएसटी क्रमांक असतो. नसेल तर मागावा. हा पंधरा अक्षरांचा क्रमांक बरेच बोलतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27 आणि गोव्यासाठी 30. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. त्यामुळे अख्ख्या क्रमांकातले सहावे अक्षर मालकी सांगते: सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी संस्था, पी असेल तर एकटा माणूस. ‘अखिल भारतीय प्रायव्हेट लिमिटेड’ असा फलक मिरवणाऱ्याच्या क्रमांकात सहावे अक्षर पी निघाले, तर विचारायला जागा आहे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हाच क्रमांक टाकला की नोंदणीतले कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, व्यवसायाचा पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे सगळे समोर येते. ‘पंचवीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची असू शकते. नोंदणीतले नाव, कोटेशनवरचे नाव आणि पैसे ज्या बँक खात्यात मागितले जातात त्या खात्याचे नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. तिसरे नाव भलत्याच व्यक्तीचे निघते, तिथे थांबावे. ट्रक दारात आल्यावर त्याचा क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकला तर गाडीची नोंदणी, फिटनेस आणि विमा वैध आहे का, हेही दोन मिनिटांत दिसते.

या तपासण्यांच्या मागे कायदा उभा आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. इंग्रजांच्या काळातला 1865 चा कॅरियर्स ॲक्ट बाजूला सारून संसदेने 2007 मध्ये रस्त्यावरील मालवाहतुकीचा नवा कायदा केला; तो 2011 मध्ये नियमांसह अमलात आला. या कायद्यात ‘कॉमन कॅरियर’ म्हणजे केवळ ट्रकमालक नव्हे. माल गोळा करणारा, साठवणारा, बुकिंग घेणारा, एजंट, दलाल हे सगळे त्या व्याख्येत येतात. म्हणजे ‘मी फक्त काम मिळवून दिले, पुढचे ट्रकवाल्याला विचारा’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. अशा प्रत्येकाला परिवहन खात्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. माल देणाऱ्याने मालाचा तपशील व किंमत लिहिलेला अर्ज भरायचा आणि घेणाऱ्याने पावती द्यायची, असेही बंधन आहे. ही पावती म्हणजेच ट्रान्सपोर्टवाल्यांची बिल्टी किंवा एलआर. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर नाही, ही या कायद्यातली ग्राहकाच्या सर्वांत फायद्याची गोष्ट. पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का मारला की सुटका होते, असे अनेक वाहतूकदार भासवतात. पण जुन्या कायद्याखालीच, 2000 साली, नाथ ब्रदर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा शिक्का वाहतूकदाराला हलगर्जीपणाच्या जबाबदारीतून सोडवत नाही, असे स्पष्ट केले आहे.

मात्र याच कायद्यात एक मेख आहे. जास्त जोखमीचा दर वेगळा ठरवून दिलेला नसेल, तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट, आणि तीही अर्जात जाहीर केलेल्या किमतीच्या आतच. भाडे 25,000 रुपये असेल तर मर्यादा अडीच लाखांची होते. पण अर्जात सामानाची किंमत कोणीतरी मोघम 50,000 लिहिली असेल, तर पाच लाखांचा संसार जळाला तरी हक्क पन्नास हजारांचाच. हा आकडा पुष्कळदा पॅकिंग करणारा मुलगा आपल्या मनाने टाकतो आणि घरमालक धावपळीत सही करतो. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते; ती दिली नाही तर दावाच उभा राहत नाही. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे, पण कागद भरताना जागा असलेल्या माणसाच्याच बाजूने आहे.

विम्याबाबत तर शब्दांचाच खेळ चालतो. कोटेशनमध्ये ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून जाहीर किमतीच्या काही टक्के लावले जातात आणि ग्राहकाला वाटते, विमा झाला. विमा फक्त परवानाधारक विमा कंपनी देते आणि त्याची पॉलिसी किंवा प्रमाणपत्र निघते. त्यावर विमा कंपनीचे नाव, क्रमांक, आपले नाव, मार्ग आणि रक्कम असते. असा कागद हातात आला नाही, तर ती रक्कम मूव्हरच्या खिशात गेली आणि आपल्याकडे उरला तो तोंडी शब्द. पॉलिसी मिळाली तरी तिचा प्रकार पाहावा लागतो. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याची कलमे तीन पायऱ्यांची असतात. ‘ए’ सर्वांत व्यापक. ‘बी’मध्ये आग, वीज, पूल कोसळणे, गाडीची टक्कर किंवा गाडी उलटणे अशी नाव घेतलेलीच कारणे. ‘सी’मध्ये जेमतेम आग आणि वीज. घरसामानाचे खरे नुकसान गाडी उलटून क्वचित होते. ते होते हमालाच्या हातून टीव्ही निसटून, पावसाचे पाणी ताडपत्रीतून झिरपून, कपाट दोरीने आवळल्याने. ‘बी’ किंवा ‘सी’ घेतलेल्याला यातले बहुधा काहीच मिळत नाही. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत सामान हलवायचे असेल तर बंद कंटेनर आणि ‘ए’ प्रकारचा विमा यांवर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत.

अडवणुकीचा मुद्दा समजून घ्यायला अमेरिकेकडे पाहता येईल. तिथे राज्याबाहेर सामान नेणाऱ्या मूव्हरना केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पक्का अंदाज लेखी दिला असेल तर त्याच रकमेत, आणि कच्चा अंदाज दिला असेल तर त्याच्या 110 टक्के रक्कम हाती पडताच, सामान उतरवून द्यावेच लागते. उरलेल्याची वसुली नंतर. तरीही तिथे अडवणुकीच्या तक्रारी होतात, पण निदान रेषा कुठे आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. आपल्याकडे घरसामानापुरता असा नियम नाही. तेव्हा ती रेषा करारातच आखून घ्यावी लागते. त्यासाठी कंपनीचा माणूस घरी येऊन किंवा निदान व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली, माळा आणि बाल्कनी पाहून गेला पाहिजे. ‘अंदाजे चौदा फुटी गाडी’ असे फोनवर ठरले की निघण्याच्या दिवशी ‘सामान जास्त आहे’ म्हणायला वाव राहतो. कोटेशनमध्ये गाडीचा आकार, पॅकिंग साहित्य, दोन्हीकडची हमाली, लिफ्ट नसेल तर मजल्याचे पैसे, टोल, पोहोचण्याची तारीख आणि कर हे सगळे वेगवेगळे लिहिलेले असावे आणि ‘याव्यतिरिक्त काही लागणार नाही’ हे वाक्य असावे. वाटेत निघणाऱ्या खर्चांची नावेही ओळखून ठेवावीत. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. जकात 2017 मध्ये जीएसटीबरोबर मुंबईतूनही गेली. या नावांनी कोणी पैसे मागत असेल तर तो आपल्या अज्ञानावर पैसे कमावतो आहे. रक्कमही टप्प्यांनी द्यावी: थोडे टोकन, काही सामान चढल्यावर आणि ठसठशीत हिस्सा सामान उतरल्यावर. शेवटचा हिस्सा जितका मोठा, तितकी दार बंद झाल्यावरही सूत्रे थोडी आपल्याकडे राहतात.

एवढे करूनही यादी कच्ची राहिली तर सगळे फुकट जाते. ‘कार्टन 22, टीव्ही 1, फर्निचर’ अशी यादी भांडणाच्या वेळी काहीच सांगत नाही. ‘टीव्ही, 55 इंची, अनुक्रमांक अमुक, चालू स्थितीत, काचेवर ओरखडा नाही’ अशी नोंद असली की प्रश्नच उरत नाही. खोक्यांवर क्रमांक, यादीत त्या क्रमांकासमोर आतला माल, महागड्या वस्तूंचे पॅकिंगआधीचे फोटो आणि यादीवर दोघांच्या सह्या, हे काम अर्ध्या तासाचे आहे. समोरच्या दारातून भरणाऱ्या वॉशिंग मशिनचा ड्रम बोल्टने बांधला आहे का, फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा केला आहे का, याही नोंदी ‘आधीच बिघडलेले होते’ या उत्तराला जागा ठेवत नाहीत. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रे ट्रकमध्ये जाताच कामा नयेत. सामान पोहोचले की ड्रायव्हर घाईने सही मागतो. तिथे ‘सर्व माल व्यवस्थित मिळाला’ या छापील ओळीखाली निमूट सही करण्याऐवजी हाताने लिहावे: ‘खोके क्र. 7 दबलेले, खोके क्र. 15 मिळाले नाही, आतील तपासणी बाकी.’ या एका ओळीची किंमत पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा जास्त असते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा की, एवढा कागदी काटेकोरपणा मोठ्या कंपन्यांनाच झेपतो. छोटा, प्रामाणिक टेंपोवाला यात मारला जाईल. आक्षेपात तथ्य आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, म्हणून क्रमांक नसणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. मात्र ज्याची नोंदणी नाही त्याने बिलात जीएसटी लावता कामा नये, आणि लावत असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. बाकी यादी, जाहीर किंमत, गाडीचा क्रमांक आणि टप्प्यांनी पैसे या गोष्टींना मोठे कार्यालय लागत नाही. साध्या वहीच्या कागदावर त्या होतात. स्वतःच्या गाडीने स्वतः जाणारा छोटा मालक ‘जबाबदार कोण’ या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा मोठ्या नावाच्या फ्रँचायझीपेक्षा स्वच्छ देतो. इथली कसोटी आकाराची नसून साखळी किती लांब आहे, याची आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: कागद खोटे करता येतात आणि कायदा ढिम्म हलत नाही, मग या खटाटोपाचा उपयोग काय? नोंदणीशिवाय धंदा केल्याचा दंड 2007 च्या मालवाहतूक कायद्यात पहिल्या वेळी फक्त 5,000 रुपयांपर्यंत आहे. त्याने कोणी घाबरत नाही, हे मान्यच करावे लागते. पण म्हणूनच वर सांगितलेल्या तपासण्या मूव्हरने दाखवलेल्या कागदांच्या नाहीत, सरकारी नोंदींच्या आहेत. त्या त्याला बदलता येत नाहीत. आणि वाद झालाच, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. मूव्हरचे कार्यालय दिल्लीत असले म्हणून दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. सामान घेऊन कोणी पसारच झाला, तर वाहकाने केलेला विश्वासघात हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी गुन्हा आहे. मात्र या सगळ्या दारांवर पहिला प्रश्न एकच विचारला जातो: बिल्टी आहे का, यादी आहे का, पैसे कोणाच्या खात्यात दिले? ढिला कायदाही कागद असलेल्याच्या उपयोगी पडतो. कागद नसलेल्याला कडक कायदासुद्धा काही देऊ शकत नाही.

या धंद्यातल्या अविश्वासात ग्राहकाचाही वाटा आहे, हे टाळून चालणार नाही. बदलीचा खर्च कंपनी किंवा सरकार देणार असेल तर ‘आयबीए मान्यताप्राप्त’ वाहतूकदाराचे बिल मागितले जाते. इंडियन बँक्स असोसिएशन वाहतूकदारांची जी यादी ठेवते ती मुळात बँकांसाठी आहे: बिल्टीच्या आधारावर व्यापाऱ्याला पैसे देताना कोणाची बिल्टी धरावी, एवढ्यासाठी. टीव्ही नीट पोहोचेल याची हमी त्या यादीत नाही. तरीही हा शिक्का जाहिरातीत सर्रास मिरवला जातो आणि सामान एका टेंपोतून नेऊन बिल भलत्याच नावाने, वाढीव रकमेचे बनवून देण्याचा जोडधंदाही चालतो. जो मूव्हर आपल्यासाठी खोटे बिल करतो, त्याच्याशी पुढे वाद झाला तर दाखवायला आपल्याकडे खरा कागद नसतो, आणि खोटा दाखवायची सोय नसते.

दराकडे आता परत यायला हरकत नाही, कारण आता तो दर कशाचा आहे हे कळते. कुशल माणसे, जाड खोकी, बंद कंटेनर, खरा विमा आणि वेळेवर सुटणारी गाडी यांना पैसे लागतात, आणि ते प्रामाणिक माणसाच्या कोटेशनमध्ये आधीच दिसतात. अप्रामाणिकाच्या कोटेशनमध्ये ते नसतात. ते वाटेत निघतात. दोन आकडे नुसते शेजारी ठेवले तर प्रामाणिक माणूस दरवेळी महाग ठरतो आणि हळूहळू बाजारातून उठतो. मे-जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधीच्या गर्दीत आणि महिनाअखेरीला तर हे फार होते, कारण तेव्हा ग्राहकाला फक्त रिकामी गाडी हवी असते. म्हणून तुलना करायची तर एकाच यादीवर, एकाच जाहीर किमतीवर, एकाच प्रकारच्या विम्यावर आणि गाडीच्या एकाच प्रकारावर तिघांकडून लेखी दर घ्यावेत. त्यासाठी हाती आठ-दहा दिवस असले तर उत्तम. अशी तुलना करणाऱ्या ग्राहकाला कदाचित सर्वांत स्वस्त मूव्हर मिळणार नाही, पण कमी दर सांगून नंतर अडवणाऱ्याचा धंदा मात्र त्याच्यापुरता बंद होतो.